‘तुम्हाला येतो का स्वयंपाक?’

दिवाळीचा फराळ अजून डब्यांतून संपायचा होता, तेवढ्यात मानखुर्दहून माझ्या मावसबहिणीचा फोन आला. ‘‘तू दोन दिवस येऊन जा बाई. पोरगी हाताबाहेर चाललीय. त्या कोरियन मालिका बघून बघून डोकं फिरलंय तिचं.’’ ताई माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. ती सहसा कुणाला बोलावत नाही आणि फोनवर रडत तर मुळीच नाही. या वेळी मात्र आवाज भरून आला होता. मी कराडहून रात्रीची एस.टी. पकडली.

झालं होतं ते असं. भाचीला बघायला पाहुणे आले होते. मुलगा चांगला, नोकरीवाला, डोंबिवलीला स्वतःची जागा. कांदेपोहे झाले, चहा झाला. मुलाच्या आईने नेहमीचा प्रश्न विचारला, ‘‘स्वयंपाक येतो ना सगळा?’’ भाची म्हणाली, ‘‘हो, येतो.’’ इथवर सगळं रीतीप्रमाणे चाललं होतं. मग तिने मुलाकडे बघून तितक्याच सरळ आवाजात विचारलं, ‘‘तुम्हाला येतो का?’’ मुलगा हसला. त्याची आई हसली नाही. दोन दिवसांनी मध्यस्थांकडून निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका तर पाहुणे यायच्या आधीच जुळवून झाली होती!

ताईचं घर लल्लूभाई कंपाऊंडमध्ये आहे. मुंबईतल्या लोकलच्या रुळांलगत ज्यांच्या झोपड्या होत्या, त्यांतल्या हजारो कुटुंबांना रेल्वेच्या प्रकल्पासाठी हलवलं, तेव्हा २००० नंतरच्या त्या काही वर्षांत मानखुर्दच्या या इमारतींत घरं मिळाली. २२५ चौरस फुटांची एकेक खोली. इमारती एकमेकींना इतक्या खेटून की खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावावा लागतो. पण दार आपलं, नळ आपला, संडास आपला. रुळांकाठी पंधरा वर्षं काढलेल्या ताईला त्याची किंमत ठाऊक आहे. त्या एका खोलीतल्या ओट्यावर ती पहाटे चारपासून सोळा डबे करते. एकट्या राहणाऱ्या नोकरदारांचे डबे. पोळी, भाजी, वरण, भात आणि बुधवारी अंड्याची आमटी. दाजी वाशीला एका सोसायटीत रात्रपाळीचे वॉचमन आहेत. भाची बी.कॉम. झाली, चेंबूरला एका ऑफिसात हिशेब लिहिते. आणि रात्री दहानंतर कानात इअरफोन घालून, भिंतीकडे तोंड करून मोबाइलवर कोरियन मालिका बघते.

पहिल्या रात्री मी म्हटलं, ‘‘दाखव बघू, काय आहे एवढं त्यात.’’ तिने एक इअरफोन माझ्या कानात घातला.

मालिकेचं नाव ‘बॉन अ‍ॅपेटिट, युवर मॅजेस्टी’. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कोरियात ती लागली आणि नेटफ्लिक्समुळे जगभर पोचली. एकूण बारा भाग. नायिका आजच्या काळातली शेफ, फ्रान्समधली स्वयंपाकाची स्पर्धा जिंकून विमानाने घरी निघालेली. एक जुनं पुस्तक उघडते आणि थेट पाचशे वर्षांमागच्या राजाच्या राज्यात जाऊन पडते. राजा क्रूर म्हणून बदनाम, पण जिभेचा पक्का. ही त्याला भातात तिखटाची लाल चटणी आणि लोणी कालवून देते, आणि राजेसाहेब विरघळतात. पुढे दर भागात एक पदार्थ, एक संकट आणि थोडं थोडं प्रेम. पदार्थ बिघडला तर हिचं मुंडकं उडायचं. मला हसू आलं. म्हटलं, सासूबाईंना पहिल्या दिवशी पुरणपोळी करून घालताना आपली तरी काय वेगळी गत होती?

गंमत जाऊ दे. पण बघता बघता माझ्याही मनात आलं, की ताईला वाटतं तसं हे नुसतं खूळ नाही. भाचीच्या ऑफिसातल्या मुली बघतात, कराडला माझ्या शेजारणीची सून बघते, ताईच्या इमारतीखालच्या वाण्याकडे कोरियन नूडल्सच्या पुड्या टांगलेल्या दिसतात. लाखो बायकांना एकच गोष्ट आवडते, तेव्हा त्यांच्या पोटात कुठली तरी भूक असते. ती कसली?

तसं हे प्रकरण कालचं नाही. पाठ्यपुस्तकातल्यासारखं वाटेल, पण २००६ मध्ये आपल्या दूरदर्शननेच एक कोरियन मालिका ‘घर का चिराग’ या नावाने हिंदीत दाखवली होती. राजवाड्याच्या मुदपाकखान्यात लहानपणी दाखल झालेली मुलगी पुढे राजाची वैद्य होते, अशी ती गोष्ट. मणिपूरमध्ये तर त्याही आधी, २००० साली अतिरेकी संघटनेने हिंदी सिनेमा-मालिकांवर बंदी घातल्यावर लोक कोरियन वाहिनीकडे वळले. बाकीच्या देशात खरी लाट आली ती २०२० च्या टाळेबंदीत. घरात अडकलेल्या माणसांना मोबाइल होता, वेळ होता, आणि आपल्या मालिकांचं चित्रीकरणच बंद पडलं होतं.

या मालिकांतून जेवण आणि प्रेम कसं एकत्र शिजतं ते बघायचं, तर २००५ सालच्या ‘माय लव्हली सॅम-सून’पासून सुरुवात करायला हवी. नायिका तिशीला टेकलेली, अंगाने भरलेली, नाव जुन्या वळणाचं, म्हणजे आपल्याकडे आजच्या मुलीचं नाव ठकूबाई असावं तसं. काम केक-पेस्ट्री करण्याचं. लग्न ठरत नाही म्हणून घरचे मागे लागलेले. ओळखीचं वाटतं ना? कोरियात शेवटच्या भागाला टी.व्ही. बघणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक ही मालिका बघत होते. का? तर ती नायिका पडद्यावर मनापासून खाते. भाताचं पातेलं पुढ्यात ओढून खाते. लाजत नाही, ‘मला नको, तुम्ही घ्या’ म्हणत नाही.

आता आपल्या मालिका आठवा. आपली नायिका कधी पोटभर जेवताना दिसली आहे का? ती वाढताना दिसते. उपास करताना दिसते. कुणी रागावून ताटावरून उठलं की डोळ्यांत पाणी आणून ताट झाकताना दिसते. तिने स्वतः दोन घास खाल्लेले दाखवायला कुणाला सुचत नाही. तिसऱ्या भागात भाची मला म्हणाली, ‘‘मावशी, ही बघ कशी खातेय. मला हेच आवडतं. प्रेमबिम नंतर.’’ मी गप्प झाले.

दुसरी गोष्ट, या मालिकांत रांधणं हे कसब म्हणून दाखवतात. २०२५ मध्येच ‘टेस्टफुली युवर्स’ नावाची मालिका आली. जॉन्जू या खाण्यापिण्यासाठी नावाजलेल्या गावात एका बाईचं इवलंसं हॉटेल, एकच टेबल मांडलेलं. मोठ्या खाद्य कंपनीचा मुलगा तिच्या पाककृतींवर डोळा ठेवून येतो आणि तिच्या हाताखाली कांदा चिरायला शिकतो. तिथे ती बाई कुणाची आई, बायको किंवा सून म्हणून स्वयंपाक करत नाही, त्या विद्येतली जाणकार म्हणून करते. तिच्या चवीला दाम आहे, नाव आहे.

आणि तिसरी गोष्ट, पुरुष ओट्याशी उभा राहतो. २०१९-२० ची ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’ ज्यांनी पाहिली असेल, त्यांना तो उत्तर कोरियाचा कॅप्टन आठवेल. नायिकेसाठी नूडल्स हाताने करतो, कॉफीचे दाणे स्वतः भाजून दळतो. गंमत अशी, की सॅम-सूनचा नायक आणि हा कॅप्टन, दोन्ही भूमिका ह्युन बिन या एकाच नटाच्या. २००५ मध्ये बाई करायची आणि तो खायचा. चौदा वर्षांनी तो करतो आणि बाई खाते. या दोन्ही मालिका लिहिणाऱ्या स्त्रियाच आहेत, हे कळल्यावर मला नवल वाटलं नाही. बायकांच्या मनातलं बायकांनी लिहिलं.

आपल्याकडे असं काही झालंच नाही का? झालं. २०१९ च्या जुलैत झी मराठीवर ‘अग्गंबाई सासूबाई’ सुरू झाली. निवेदिता सराफ यांची आसावरी, हाताला विलक्षण चव असलेली विधवा बाई. तेजश्री प्रधानची शुभ्रा, सासूचं दुसरं लग्न लावून द्यायला निघालेली सून. आणि गिरीश ओक यांचे अभिजीत राजे, नामवंत शेफ. पन्नाशीतल्या बाईला तिच्या हातच्या चवीसकट ओळखणारा माणूस भेटतो, ही कल्पनाच आपल्या बायकांना किती गोड वाटली होती! माझ्या सासूबाई रात्री साडेआठला सगळी कामं टाकून बसायच्या.

पण तेव्हा लक्षात न आलेली एक गोष्ट आता लक्षात येते. शेफ कोण? अभिजीत राजे. त्यांचं नाव, पैसा, फोटो. आणि जन्मभर घरच्यांसाठी रांधणारी आसावरी? तिला सगळे सुगरण म्हणायचे. पगार घेऊन रांधलं तर तो शेफ, बिनपगारी रांधलं तर ती सुगरण. लग्नातला आचारी पुरुष, हॉटेलातला महाराज पुरुष, आणि घरातला ओटा आला की मात्र ‘आम्हाला बाई त्यातलं काही कळत नाही’!

दुसऱ्या दिवशी दुपारी डबे धुता धुता मी ताईला हे सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, ‘‘मग कोरियातले पुरुष फार गुणाचे म्हणायचे.’’

इथेच खरी मेख आहे. मैत्रिणींनो, ते पुरुष काही फार गुणाचे नाहीत. कोरियात चुसोक नावाचा मोठा सण असतो. आपली भाद्रपदातली पौर्णिमा, कधी कोजागिरी, त्याच दिवशी येतो. पितरांना ताट वाढायचं असतं. आता पितरांचं ताट म्हटल्यावर पुढचं मी सांगायला नकोच. घरच्या सुनांनी दोन दोन दिवस तळणी करायची आणि पुरुषांनी नमस्कार करून जेवायला बसायचं. त्या दिवसांत बायकांची पाठ धरते, डोकं उठतं, घरात भांडणं होतात. या दुखण्याला तिथे ‘सणाचा आजार’ असं चक्क नाव आहे. शेवटी २०२२ मध्ये तिथल्या परंपरेचे राखणदार समजल्या जाणाऱ्या सुंगक्युनक्वान या संस्थेच्या समितीने चुसोकच्या आधी जाहीर केलं, की ताटात तळणीचे पदार्थ असलेच पाहिजेत असं नाही, मोजके पदार्थ ठेवा, ताट साधं करा. विचार करा, आपल्याकडे कुणी धर्ममार्तंडाने पक्षपंधरवड्यात सांगितलं की वडे-घारग्यांवाचूनही पितर तृप्त होतात, तर किती घरांतल्या पाठी मोकळ्या होतील!

तिथे ‘किम जी-यंग, जन्म १९८२’ नावाची कादंबरी २०१६ मध्ये आली. एका साध्या गृहिणीची गोष्ट. लाखो प्रती खपल्या, २०१९ मध्ये सिनेमा निघाला आणि त्यावरून बाया-पुरुषांत मोठे वाद झाले. आज तिथल्या कित्येक मुली लग्नच नको म्हणतात. २०२३ मध्ये त्या देशात एका बाईमागे सरासरी ०.७२ मुलं, म्हणजे एकही पूर्ण मूल नाही. जगातल्या देशांत सगळ्यांत कमी. त्याला घरांच्या किमती, नोकरीतले तास, मुलांच्या शिकवण्यांचा खर्च अशी बरीच कारणं आहेत. पण घरकाम आणि मूल दोन्ही आपल्याच गळ्यात पडणार, ही भीती त्यांतलं एक मोठं कारण आहे. तेव्हा मालिकेतला तो रांधणारा नायक म्हणजे तिथल्या घरांतली बातमी नव्हे. ती तिथल्या बायकांची इच्छा आहे. आणि ती इच्छा मानखुर्दच्या पोरीला आपलीच वाटते, यात नवल ते काय?

आपलं चित्र तर आकड्यांतच आहे. केंद्र सरकार माणसांच्या दिवसभराच्या वेळेची पाहणी करतं. २०२४ च्या पाहणीत दिसलं, की घरकाम करणाऱ्या बाया त्या बिनपगारी कामाला दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात, म्हणजे जवळजवळ पाच तास. आणि पुरुष? ८८ मिनिटं. तीसुद्धा जे घरकामाला हात लावतात त्यांचीच. असे पुरुष चारात साधारण एक. म्हणजे भाचीने डोंबिवलीच्या मुलाला विचारलेला प्रश्न चार घरांत विचारला असता, तर तीन घरांतून पत्रिका जुळली नसतीच.

न्यायालयांनाही याची जाणीव आहे. २०२१ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने अपघाताच्या भरपाईच्या एका दाव्यात स्पष्ट म्हटलं, की गृहिणीच्या कामाला आर्थिक मोल आहे आणि भरपाई ठरवताना ते धरलंच पाहिजे. पण हे मोल बाई गेल्यावर मोजायचं, ही आपली तऱ्हा. २०२५ च्या फेब्रुवारीत आरती कडव यांचा ‘मिसेस’ हा हिंदी सिनेमा आला, तोही मल्याळम ‘द ग्रेट इंडियन किचन’वरून. त्यात नवीन लग्न झालेली मुलगी, पाट्यावरच्या चटणीचा हट्ट धरणारा सासरा, तुंबलेलं बेसिन. बाया बघून गप्प झाल्या आणि काही पुरुषांना राग आला, की घरात चार भाज्या चिरल्या तर एवढं काय? मग तसंच असेल तर चिराव्यात की चार भाज्या. एवढं काय?

ताईने डबे पालथे घातले. मग म्हणाली, ‘‘तू मला आकडे नको सांगू. मला का कळत नाही पोरगी काय बोलली ते? माझ्या हातचं सोळा माणसं पैसे मोजून खातात. भाजी चांगली झाली तर फोन करून सांगतात. घरात तीस वर्षं झाली, मीठ कमी पडलं तरच बोलणं होतं. ती खरंच बोलली गं. पण खरं बोलून लग्न नाही झालं तर? मी आणखी किती वर्षं पुरणार तिला? आणि या खोलीत म्हातारपणी एकटी मुलगी...’’ पुढचं तिने बोललं नाही.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण खरं सांगायचं तर मीही त्या डोंबिवलीच्या बाईंहून वेगळी नाही. चार वर्षांपूर्वी थोरल्यासाठी मुली बघताना मीच तो प्रश्न तीन घरांत विचारला होता. ‘स्वयंपाक येतो ना?’ एकाही मुलीने उलट विचारलं नाही. विचारलं असतं तर? थोरल्याला चहासुद्धा धड येत नाही. धाकटा पुण्याला नोकरीला आहे, डबा लावून जेवतो. त्याचा तो डबाही कुणा ताईच्याच हातचा असणार, पहाटे चारला उठून केलेला. मुलगे वाढवताना मी त्यांना अभ्यास शिकवला, पोहायला पाठवलं, गाडी शिकवली. पोटापुरतं रांधायला शिकवलं नाही. आणि वर सुनेला विचारत होते!

कोरियन भाषेत कुटुंबाला एक शब्द आहे, ‘शिक्गु’. त्याचा अर्थ एकत्र खाणारी तोंडं. आपणही म्हणतोच की, ‘घरात खाणारी तोंडं किती?’ तिथे ख्यालीखुशाली विचारायची तर ‘भात खाल्लास का?’ म्हणतात, आपण म्हणतो ‘जेवलीस का?’ दोन्हीकडे प्रेमाची भाषा ताटातूनच जाते. शिजवलेल्या भाताला ते लोक ‘बाप’ म्हणतात, हे ऐकून दाजी तर खो खो हसले. म्हणाले, ‘‘म्हणजे तिकडे आई बाप शिजवते!’’

पण प्रेमाची भाषा एकानेच बोलायची आणि बाकीच्यांनी नुसती ऐकायची, असं किती पिढ्या चालणार? वाढणं हे प्रेम असेल, तर ते वाढून घेणाऱ्यालाही करता आलं पाहिजे. मला वाटतं, भाचीच्या प्रश्नात भांडण नव्हतं. ‘तू माझ्यासाठी कधी काही करशील का?’ एवढंच ती विचारत होती. पत्रिकेत हे बघायची सोय नाही, म्हणून तोंडाने विचारलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे मी मदतीला उठले. भाची पोळ्या लाटत होती, ताई भाजत होती, मी डबे भरत होते. सातला दाजी रात्रपाळी करून आले. नेहमीप्रमाणे त्यांचा चहा, मग त्यांचं ताट. भाचीने पहिलं ताट वाढलं आणि आईसमोर ठेवलं. ‘‘आई, आज तू आधी बस. गरम आहे तोवर खा.’’ ताई म्हणाली, ‘‘वेडी का तू? मग तव्याकडे कोण बघणार?’’ भाची काही बोलली नाही, नुसती बापाकडे बघत राहिली. दाजी थोडे बावरले. मग हात धुऊन ओट्याशी आले आणि माझ्या हातातला सांडशी-उलथण्याचा पसारा घेत म्हणाले, ‘‘लाटायला नाही जमणार. भाजतो.’’ पहिली करपली. ताईने तीच मागून घेतली आणि खाल्ली. तव्यावरून थेट ताटात आलेली पोळी तिने याआधी कधी खाल्ली होती, तिला आठवेना.

दाजी दुसऱ्या दिवशी ओट्याशी आले की नाही, मला माहीत नाही. मी दुपारच्या गाडीने निघाले होते. भाचीला नवीन स्थळ अजून आलेलं नाही आणि ताईची काळजी तशीच आहे. मी काही तिला ‘तुझं चुकलं’ असं सांगितलं नाही. निघताना ताईला एवढंच म्हटलं, ‘‘पुढच्या वेळी पाहुणे आले की तो प्रश्न पोरीला एकटीला विचारू देऊ नकोस. तूही विचार.’’ ताई काही बोलली नाही, पण नाहीही म्हणाली नाही.

घरी आल्यावर धाकट्याला फोन केला. म्हटलं, ‘‘या सुट्टीत आलास की कुकर लावायला शिकायचंय तुला. वरण-भात आणि एक भाजी.’’ तो म्हणाला, ‘‘आता अचानक काय गं?’’ मी म्हटलं, ‘‘उद्या एखाद्या घरी कांदेपोहे खाताना कुणी तुला विचारलं, तर ‘हो, येतो’ म्हणता आलं पाहिजे.’’